झोपलेल्याची साक्ष

मावशीचं पेन तिसऱ्या प्रश्नावर अडलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत आम्ही बाहेर बसलो होतो आणि तिच्या हातात आठ प्रश्नांचा एक कागद दिला होता. हो किंवा नाही, एवढंच लिहायचं. घोरण्यावरून तिने आयुष्यभर बोलणी ऐकलेली, त्यामुळे ‘मोठ्याने घोरता का’ हे तिने भराभर उरकलं. दिवसा थकवा येतो का, त्यालाही हो. तिसरा प्रश्न असा: झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का? तिने ‘नाही’च्या चौकोनावर पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “कोण बघणार गं? घरात आहे कोण?” काका गेल्यापासून ती एकटीच राहते. जरा वेळाने तिनेच तोडगा काढला. “तू सांग. लहानपणी तू माझ्याजवळच झोपायचीस.” मी म्हटलं, “हो लिही.” तिने हो लिहिलं. डॉक्टरांनी कागद पाहिला, गुण मोजले, स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर यंत्र लावून झोपेची तपासणी, करायला सांगितली. सगळं रीतसर झालं. मला मात्र तो प्रश्न रात्रीपर्यंत सोडेना. जिच्याजवळ रात्री कुणी नसतं आणि लहानपणची भाचीही शेजारी बसलेली नसते, तिने तिथे काय लिहायचं?

माझी साक्ष खरी होती, पण फार जुनी. सुट्टीत मावशीकडे राहायला गेले की मी तिच्या कुशीत झोपायचे. तिचा डोळा लागला की आधी नाकातून बारीक शीळ यायची. मग ती उताणी व्हायची, तोंड उघडं पडायचं आणि घोरणं सुरू व्हायचं. त्या आवाजाची मला भीती वाटत नसे. भीती वाटायची ती आवाज थांबला की. छाती वरखाली होताना अंधारातही दिसायची, पोट आत ओढलं जायचं, पण नाकातोंडातून काहीच ऐकू यायचं नाही. मी माझा श्वास धरून कानोसा घेत राहायचे. आणि मग घशातून एक मोठा फुर्र आवाज, अर्धवट जाग, कूस बदलणं, पुन्हा पहिल्यापासून. सकाळी उठल्या उठल्या ती तांब्याभर पाणी प्यायची. जीभ टाळ्याला चिकटलेली असायची, पहिले दोन शब्द नीट उमटत नसत. ‘रात्रभर झोपून उठले तरी अंग मोडून आलंय’ हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते तिच्या स्वभावाचाच भाग वाटायचं.

आता वाचन झाल्यावर कळतं की मी तेव्हा जे पाहत होते त्यालाच अडथळ्यामुळे होणारा स्लीप ॲप्निया म्हणतात. छाती हवा ओढायची खटपट करत असते आणि घशातली वाट मिटलेली असते. असा श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की तो मोजणीत धरतात. श्वास थांबण्याच्या आणि उथळ होण्याच्या घटना झोपेच्या दर तासाला किती झाल्या, तो आकडा म्हणजे एएचआय. पाचच्या खाली असेल तर मोठ्या माणसात ठीक, पाच ते पंधरा सौम्य, तीसच्या वर तीव्र.

आठ प्रश्नांचा तो कागद टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेआधी, भूल देण्यापूर्वी, कुणाला झोपेत श्वासाचा त्रास असण्याची शक्यता आहे हे चटकन ओळखता यावं म्हणून. जगभर तो वापरतात आणि तो उपयोगी आहे, यात वाद नाही. पण त्यातला शेवटचा प्रश्न आहे: तुम्ही पुरुष आहात का? हो असेल तर एक गुण. हा त्रास पुरुषांत जास्त आढळतो, म्हणून तो गुण. मावशीचा तो गुण गेला. शिवाय बायका डॉक्टरांसमोर बसल्या की घोरण्याचं नाव सहसा काढत नाहीत. झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, कशात मन लागत नाही, असं सांगतात. मग रक्तदाबाची गोळी मिळते, झोपेची मिळते, ‘काळजी करू नका’ मिळतं. मावशीला हे सगळं मिळून झालं होतं. एक गुण लिंगापायी गेला आणि दुसरा, कुणी पाहिलं नाही म्हणून जायच्या बेतात होता.

झोपेचा हाच मोठा पेच आहे. ज्याला त्रास होतो तोच त्या वेळी हजर नसतो.

म्हणून या विषयातलं सगळं संशोधन साक्षींवर उभं आहे. एक साक्ष यंत्राची, एक शेजारी झोपणाऱ्याची, आणि एक रुग्णाची स्वतःची, जी सकाळी उठल्यावर सुरू होते. या तिघांचं एकमत होत नाही, हे मला मावशीच्या निमित्ताने वाचत गेल्यावर समजलं.

यंत्राची साक्ष घ्यायच्या रात्री मी तिला सोडायला गेले होते. टाळूवर केस बाजूला सारून चिकट लेप लावून तारा बसवल्या, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली, पायांच्या नडग्यांवर. छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. आणि नाकपुड्यांत एक बारीक दुतोंडी नळी, श्वासाबरोबर तिथला हवेचा दाब कसा बदलतो ते मोजायला. मावशी म्हणाली, “पण माझं नाक चालतच नाही हो, मी तोंडाने घेते श्वास.” तंत्रज्ञ मुलगी समजूतदार होती. तिने ओठांजवळ आणखी एक तार आणून बसवली आणि समजावलं, की ही उच्छ्वासाची ऊब टिपते, म्हणजे तोंडाने घेतलेला श्वासही हिशेबात येतो. मला तो क्षण फार महत्त्वाचा वाटला. नाक बंद असलेल्या माणसाचा श्वास नाकातच मोजत बसलं तर यंत्रही चुकीचं सांगेल, हे त्या मुलीला ठाऊक होतं आणि तिने मावशीचं म्हणणं ऐकून घेतलं. रिपोर्ट आला, एएचआय तीसच्या पुढे. माझ्या लहानपणच्या साक्षीला दुजोरा मिळाला आणि मला त्याचा अजिबात आनंद झाला नाही.

तीव्र ॲप्नियाचा पहिला उपाय सीपॅप. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि यंत्रातून सतत येणारा हवेचा दाब, ज्यामुळे घसा आतून उघडा राहतो. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीहून पाच रुग्णांवरचा हा प्रयोग १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. त्याआधी तीव्र रुग्णांसाठी खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची वेगळी वाट करून देणं, ट्रेकिऑस्टॉमी. ते आठवलं की मास्क म्हणजे केवढी सुटका हे कळतं. पण मावशीला तो सहन होईना. नाकाचा पडदा एका बाजूला इतका कललेला की यंत्राची हवा आत जायच्या ऐवजी अडायची, ती तोंड उघडायची, तोंड उघडलं की हवा बाहेर. मध्यरात्री मास्क काढून उशाशी ठेवलेला असायचा. सकाळी यंत्र सांगायचं, इतके इतके तास वापर. ते तास वाचताना ती लाजायची. मला त्या लाजण्याचा राग यायचा, तिचा नाही.

मग नाकाच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला. डॉक्टरांनी तिच्या गालावर बोट ठेवून गाल बाहेरच्या बाजूला ओढला आणि म्हणाले, “आता घ्या श्वास.” तिने घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. नाकपुडीच्या आत जराशा अंतरावर नाकातली सगळ्यात अरुंद जागा असते, ती एवढीशी उघडली तरी केवढा फरक. एरवी श्वासाला होणाऱ्या एकूण विरोधापैकी जवळजवळ निम्मा विरोध एकट्या नाकात होतो. त्यात दोन्ही नाकपुड्या बहुतेक वेळा सारख्या चालत नाहीत. आतली सूज काही तासांनी आलटून पालटून बाजू बदलते, हे जर्मन वैद्य कायझर यांनी १८९५ मध्येच नोंदवलं होतं. निरोगी माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. पडदा कललेल्याला लागतो, कारण चालू बाजूची पाळी संपली की दुसरीकडे वाटच नसते. मावशी रात्री दोनच्या सुमाराला उठून बसायची, ती बहुधा ह्या पाळीनेच.

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की पडदा सरळ केल्याने ॲप्निया जाईल अशी आशा धरू नका. का, ते मला नंतर नीट समजलं. कागदी नळीने दाट सरबत जोरात ओढलं की नळी मध्येच चपटी होते, तसं घशाचं आहे. पुढे नाकात अडथळा असला की मागे जास्त जोराने ओढावं लागतं आणि घशाचा मऊ भाग आत खेचला जातो. म्हणजे नाक मोकळं केलं तर घसा मिटायचं कारण एक कमी व्हायला हवं. कागदावर हे बिनतोड वाटतं. ग्रीसमधल्या संशोधकांनी ते २००८ मध्ये तपासून पाहिलं. पडदा वाकडा असलेले आणि ॲप्निया असलेले ४९ रुग्ण घेतले, काहींचा पडदा खरोखर सरळ केला आणि काहींवर नुसती दाखवण्यापुरती शस्त्रक्रिया केली. आपण कुठल्या गटात आहोत हे ठाऊक नसताना त्या माणसांनी संमतीच्या कागदावर सही केली. मी ते वाचून बराच वेळ थांबले. खोटी शस्त्रक्रिया हा शब्द ऐकायला वाईट, पण तिच्याशिवाय खरं काय ते कळणार नव्हतं, आणि ती किंमत कुणा अनोळखी रुग्णांनी दिली. निष्कर्ष असा, की नाक मोकळं झालं तरी एकूण गटाचा एएचआय म्हणण्यासारखा हलला नाही. मोजक्या काहींनाच फायदा झाला. त्या घशाला मिटायला आणखी कारणं असतात: जबड्याची ठेवण, जीभ, मानेभोवतीची चरबी, स्नायूंचं झोपेतलं सैलावणं.

अशा अनेक अभ्यासांची एकत्र पाहणी झाली तेव्हाही चित्र तेच राहिलं. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण सांगतात की दिवसाची पेंग कमी झाली, घोरणं कमी झालं. यंत्र सांगतं की आकडा जवळपास तिथेच आहे. दोन साक्षी, दोन जबाब.

मावशीचंही नेमकं हेच झालं. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी संगणक माझ्याकडे वळवून आकडा दाखवला. थोडा खाली आलेला, पण तीव्रच्या सीमेवरच रेंगाळणारा. मी हिरमुसले. मावशी शांतपणे म्हणाली, “पण डॉक्टर, आता सकाळी तोंड कोरडं पडत नाही. आणि मला वास येतो हो, सगळ्याचा.” डॉक्टरांनी ‘छान’ म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं. फक्त ते वाक्य लिहायला त्यांच्या त्या पानावर जागा नव्हती.

पण अशी जागा ठेवणारं संशोधनही आहे, आणि ते वाचून मला आधार वाटला. वाकडा पडदा सरळ करायची शस्त्रक्रिया शंभराहून जास्त वर्षं होत आली, पण तिच्यासाठी भक्कम पुरावा अगदी अलीकडे जमला. नेदरलँड्समध्ये २०३ जणांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मग ब्रिटनमधल्या १७ रुग्णालयांत ३७८ जणांवरचा नेअरोस हा अभ्यास २०२३ मध्ये आला. अर्ध्यांची शस्त्रक्रिया, अर्ध्यांना सहा महिने नाकात मारायचा स्टिरॉइडचा आणि मिठाच्या पाण्याचा फवारा. आणि मुख्य मोजमाप कुठलं? रुग्णाने स्वतः भरलेले २२ प्रश्न. नाक चोंदतं का, रात्री जाग येते का, उठल्यावर थकवा असतो का, चिडचिड होते का. जास्तीत जास्त ११० गुण, जितके कमी तितकं बरं. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाची सरासरी १९.९ आणि फवाऱ्याच्या गटाची ३९.५. एवढा फरक क्वचित पाहायला मिळतो. तिथे मावशीच्या वाक्यालाच मोजमाप मानलं होतं.

मात्र रुग्णाच्या साक्षीवर डोळे मिटून भिस्त ठेवावी, असं मला म्हणता येत नाही. मेंथॉलचंच बघा. सर्दीत ती वाफ घेतली की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. कार्डिफच्या रॉन एकल्स यांनी मोजून पाहिलं तेव्हा आढळलं, की हवेची वाट तसूभरही रुंद होत नाही. मेंथॉल थंडी ओळखणारे मज्जातंतू जागे करतं आणि मेंदूला वाटतं, भरपूर गार हवा आत येतेय. त्या थंडीच्या ग्राहकाचा शोध ज्या कामातून लागला, त्या कामाबद्दलच डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. याच्या उलटही घडतं. नाकाच्या आतले मांसल कंगोरे शस्त्रक्रियेत जास्त कापले गेले की काही जणांचं नाक आतून लख्ख मोकळं दिसतं आणि तरी त्यांना सतत गुदमरल्यासारखं वाटतं, कारण हवेचा स्पर्शच जाणवत नाही. डॉक्टर नाकात बघतात, वाट स्वच्छ दिसते. समोरचा माणूस जीव घाबरा होतो म्हणून रडत असतो. या रुग्णांना ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवलं गेल्याच्या हकिकती वाचवत नाहीत. वाटणं आणि असणं यांच्यात किती अंतर असू शकतं, हे त्या लोकांनी भोगलंय.

आणि यंत्राचा आकडा सुधारला म्हणजे सगळं सुधारलं, असंही नाही. ज्यांना हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच आहे आणि मध्यम ते तीव्र ॲप्नियाही आहे, अशा २७१७ जणांवरचा सेव्ह अभ्यास २०१६ मध्ये आला. सीपॅप लावल्यावर श्वास थांबणं आटोक्यात आलं, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग मात्र कमी झाली, मन थाऱ्यावर आलं, कामावरच्या गैरहजेरी घटल्या. सरासरी वापर रात्री ३.३ तासांचा. कुणी म्हणेल, वापरच एवढा कमी तर फायदा कसा दिसणार. शंका रास्त आहे. पण मी मावशीचा उशाशी पडलेला मास्क पाहिलेला आहे, त्यामुळे ३.३ ह्या आकड्यात मला आळशी रुग्ण दिसत नाहीत. रात्री दोनला नाक बंद होऊन उठून बसलेली माणसं दिसतात.

मुलांच्या बाबतीत तर मला जास्तच गलबलतं, कारण त्यांना नीट सांगताही येत नाही. ॲप्निया असलेल्या मुलांच्या टॉन्सिल आणि ॲडेनॉइड, म्हणजे घशातल्या आणि नाकामागच्या गाठी, काढण्यावरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २०१३ चा, ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं. लक्ष एकाग्र करण्याची चाचणी घेतली तर शस्त्रक्रिया झालेल्या आणि नुसतं लक्ष ठेवलेल्या मुलांत ठोस फरक दिसला नाही. पण वागणूक, एकूण दिवस कसा जातो, यात फरक होता, आणि झोपेची तपासणी ७९ टक्के मुलांत सुरळीत झाली, तर नुसती वाट पाहिलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांत. शेचाळीस हाही लहान आकडा नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी तर २०२३ मध्ये घोरणाऱ्या मुलांना सहा आठवडे स्टिरॉइडचा किंवा साध्या मिठाच्या पाण्याचा फवारा देऊन पाहिलं. त्रास मिटला तो स्टिरॉइडच्या गटात ४४ टक्के मुलांत आणि मिठाच्या पाण्याच्या गटात ४१ टक्के मुलांत. मिठाचं पाणी! शस्त्रक्रियेच्या रांगेत उभ्या असलेल्या आईबापांना हे आधी कुणी सांगितलं तर किती रात्री सोप्या जातील.

मला सगळ्यांत आवडलेला अभ्यास मात्र अगदी छोटा आहे. स्वित्झर्लंडमध्ये २५ रुग्णांपैकी काहींना चार महिने डिजरीडू हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांबलचक वाद्य फुंकायला शिकवलं, म्हणजे घशाचे स्नायू बळकट होतील. बाकीचे प्रतीक्षा यादीत. निष्कर्ष २००६ मध्ये आले: पेंग कमी झाली, एएचआयही उतरला. पण मला भिडली ती वेगळी गोष्ट. त्यांनी शेजारी झोपणाऱ्यांनाही विचारलं होतं, तुमची झोप कशी आहे? त्यांनी सांगितलं, आता कमी मोडते. शेजारच्या उशीवरच्या माणसाला संशोधनात स्वतःचं म्हणून काही विचारलं गेलं, हे मला फार मोलाचं वाटलं. काका होते तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. ते मधूनमधून हॉलमध्ये जाऊन झोपायचे आणि सकाळी कुणाला कळू न देता पांघरूण आत आणून ठेवायचे.

आता उपाय झपाट्याने वाढताहेत. जिभेची नस जागी ठेवणारं उपकरण छातीत बसवण्याचा १२६ जणांवरचा अभ्यास २०१४ मध्ये आला. वजन उतरवणारं टिर्झेपेटाइड हे औषध लठ्ठपणा असलेल्या ॲप्नियाच्या रुग्णांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं. हे सगळं स्वागतार्हच. पण प्रत्येक नव्या अभ्यासात मी आता आधी हे शोधते, की त्यांनी साक्ष कुणाकुणाची घेतली. बायका किती होत्या. एकट्या राहणाऱ्यांचं काय केलं.

मावशीचा आकडा फारसा हलला नाही हे खरं, पण तिचं नाक मोकळं झाल्यावर तोच मास्क तिला पेलवायला लागला. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्यांना सीपॅपचा दाब (तो पाण्याच्या उंचीत मोजतात) सरासरी पाण्याच्या दोनेक सेंटिमीटरने कमी करता येतो, असं लहान लहान अभ्यास एकत्र मांडल्यावर दिसलं आहे, आणि वापरही वाढतो. एएचआयच्या रकान्यात हा फायदा दिसणारच नाही, कारण तो एएचआयचा नाहीच. आता मास्क पहाटेपर्यंत चेहऱ्यावर असतो. तिच्या फोनवर रोज सकाळी तास येतात, ती ते मला कळवते, मी तिला विचारते की बरं ते ठीक, पण झोप कशी झाली, आणि यावर आमचा रोज थोडा वाद होतो. तिला यंत्रावर माझ्याहून जास्त विश्वास आहे. पुढच्या भेटीसाठी तिने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेत. पहिला आहे: दाब अजून थोडा उतरवता येईल का? दुसरा: घरी कुणी नसतं, तर मी झोपेत कशी असते हे तुम्ही कुणाला विचारणार?